निरोगी क्रमांक सतरा

प्रयोगशाळेत तिला सगळे गिरणीबाई म्हणत. तिला नाव नव्हतं असं नाही, पण बावीस वर्षं जिच्यापाशी काढली ती यंत्राची पेटी गिरणीसारखीच घरघरायची आणि तिच्याशिवाय कुणाचं ऐकायची नाही. रक्ताच्या नळ्या त्यात घालायच्या, गरागरा फिरवायच्या, की जड ते तळाला बसतं आणि हलकं वर राहतं. ऐकायला काय, सोपंच आहे! पण समोरासमोरच्या दोन नळ्यांच्या वजनात थेंबाचा फरक राहू द्या, मग ते यंत्र असा थयथयाट करतं की शेजारच्या खोलीतली माणसं चपला सोडून पळतात. तिच्या हातून तो एकदाही झाला नव्हता, आणि त्याचा तिला भारी तोरा होता.

होता म्हणजे, नवरा जायच्या आधी होता. त्याला जाऊन चौदा महिने झाले होते, आणि या चौदा महिन्यांत तोरा, राग, भूक, हसू, रडू यातलं काहीच तिला धड येत नव्हतं. दात काढायच्या आधी सुई देतात ना, तसं. गाल आपलाच असतो, पण चावला तरी कळत नाही. रडायचं ठरवून ती दोनदा न्हाणीघरात जाऊन बसली होती, आणि बादलीभर पाणी फुकट घालवून कोरडी ठणठणीत बाहेर आली होती. लोक म्हणायचे, बाई धीराची आहे. धीर कसला डोंबलाचा! आतमध्ये कुणी घरीच नव्हतं.

घरी ती आणि सासूबाई, दोघीच. सासूबाईंचं वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे गेलेले, कान मात्र शाबूत. मुलगा अतिदक्षता विभागात असताना बाहेरच्या बाकावर बसून त्यांनी सुनेला एकच प्रश्न विचारला होता. "अगं, तू रक्ताचंच काम करतेस ना? मग तुला कसं कळलं नाही?"

"असं नाही कळत, आई," ती म्हणाली होती. "रक्त बघून असं काही कळत नाही."

सासूबाईंनी पुन्हा तो विषय काढला नाही. दोघी एकमेकींशी फार जपून वागत, पाहुण्यांसारख्या. पण तो प्रश्न घरात होता, आणि तिचं उत्तरही होतं. खरं सांगायचं तर त्या उत्तराच्या जिवावरच ती रोज सकाळी उठत होती.

आता तिच्या कामाचं थोडं सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. नवऱ्याला तिने ते एकदा चहा पिता पिता समजावलं होतं. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. उंच इमारतींच्या पोटात लोंबकळून चाळीस वर्षांपूर्वीच्या लिफ्टांना शिव्या देत त्या चालू करायच्या, हा त्याचा धंदा.

"शरीरातली प्रत्येक पेशी बाहेर इवल्या इवल्या पुड्या टाकत असते," ती म्हणाली होती. "इतक्या बारीक, की साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसतही नाहीत. रक्तातून त्या दुसऱ्या पेशीकडे जातात. त्यांच्यात चिठ्ठ्या असतात."

"म्हणजे पेशीसुद्धा पुड्या सोडतात?" तो खो खो हसला होता. "आमच्या युनियनच्या सेक्रेटरीसारख्या!"

"चेष्टा नका करू. जनुकांतल्या मजकुराच्या नकला असतात त्या. ज्या पेशीला पुडी मिळते ती उघडते, वाचते आणि हुकूम पाळते. चांगल्या पेशी चांगलं सांगतात. गाठीच्या पेशी सांगतात, इथे आम्हाला रक्त पुरवा, पहारेकऱ्यांना झोपवा, आम्ही येतोय, जागा करून ठेवा. आणि शेजारची भोळी पेशी करते ना जागा!"

"मग तुम्ही काय करता?"

"वरच्या मजल्यावरचे लोक अशाच पुड्यांत औषध भरून पाठवायच्या खटपटीत आहेत. शरीर घरचंच समजून दार उघडतं. आम्ही खालचे. आम्ही चिठ्ठ्या वाटेत पकडून वाचतो. गाठ एवढीशी असते, कुठे दुखत नाही, फोटोत दिसत नाही, तेव्हाच कळावं म्हणून."

"लोकांची पत्रं फोडून वाचता," तो म्हणाला होता. "आणि वर पगार घेता!"

या अभ्यासासाठी स्वादुपिंडात गाठ असलेले चोवीस रुग्ण हवे होते आणि तुलनेला चोवीस निरोगी माणसं. रुग्ण इस्पितळातून मिळत. निरोगी माणसं मिळता मिळेनात. पन्नाशीच्या धडधाकट माणसाला सांगा बरं, ये बाबा आणि नळीभर रक्त दे, फायदा तुला शष्प नाही. तेव्हा जो तो आपापल्या घरातले पकडून आणू लागला. तिने नवऱ्याला आणलं. तो कामावरूनच आला, कोपरापर्यंत ग्रीस लागलेलं.

"निरोगी माणूस पाहिजे ना? हा घ्या," तो दारातूनच ओरडला होता. "चौदा मजले जिना चढून येतोय. लिफ्ट चालू असती तर मला बोलावलं कशाला असतं?"

नळीवरची चिठ्ठी तिने त्याच्यासमोरच लिहिली. नि-१७. निरोगी, क्रमांक सतरा. कुठला क्रमांक कुणाचा, याची यादी मोठ्या डॉक्टरांच्या कपाटात कुलपात जायची आणि सगळं झाल्यावरच उघडायची, असा नियम. म्हणजे कुणाला आवडनिवड करता येऊ नये. रक्ताला तिने दोन फेऱ्या दिल्या, वरचं पिवळसर पाणी दोन बारीक नळ्यांत भरलं आणि उणे ऐंशीच्या फ्रीजरमध्ये ठेवून दिलं. नळ्या तिथे राहिल्या.

राहिल्या, कारण ताट भरलं नव्हतं. चिठ्ठ्या वाचायच्या यंत्रात अठ्ठेचाळीस नमुन्यांचं एक ताट बसतं. मोठे डॉक्टर म्हणाले होते, जसे नमुने येतील तसे थोडे थोडे लावू. तीच आडवी आली. "सर, आजचं रसायन वेगळं, उद्याचं वेगळं. आज हात हलका, उद्या जड. निकाल एकमेकांशी ताडता येणार नाहीत. ताट भरल्याशिवाय यंत्र लावायचं नाही." डॉक्टरांनी ऐकलं. बाईंचं बरोबर आहे म्हणाले. ताट भरायला अडीच वर्षांहून जास्त काळ लागला.

तेवढ्या काळात तिच्या घरी काय काय झालं ते सांगायला फार वेळ लागत नाही. रक्त दिल्यानंतर पंधरा महिन्यांनी नवऱ्याची पाठ दुखायला लागली. मग डोळे पिवळे झाले. स्वादुपिंडात गाठ, यकृतात पसरलेली. अकरा आठवड्यांत सगळं आटोपलं. फ्रीजरमध्ये त्याचं रक्त आहे हे ती विसरली होती का? अजिबात नाही. ती फक्त तिकडे विचार वळवत नव्हती. निरोगी म्हणून दिलेलं ते रक्त, त्यात काय असायचंय, एवढंच तिने मनाला सांगून ठेवलं होतं.

शेवटी एका बुधवारी ताट लागलं. सतराव्या नळीलाही तिने इतरांसारखंच वितळवलं, फिरवलं, तळाला बसलेल्या पुड्या फोडल्या, चिठ्ठ्या काढल्या. दुपारी पडद्यावर रेषा उमटायला लागल्या. गाठीच्या चिठ्ठ्या जिथे असतात तिथे रेष वर चढते, नसतात तिथे आडवी पडून राहते. शेजारी आकडेवाली बसली होती, हिशेबाला नेमलेली तिशीतली मुलगी, सदा घाईत. रुग्णांच्या रेषा एकामागून एक चढल्या. निरोगी आडव्या राहिल्या. आकडेवाली खुर्चीतल्या खुर्चीत उड्या मारायची तेवढी बाकी राहिली.

मग निरोग्यांतली एक रेष उठली आणि चांगली तरारून वर गेली.

"अय्या, हा कोण आगाऊ?" आकडेवालीने बोट लावून क्रमांक वाचला. "नि-सतरा. शी! सगळं ताट नासवलं मेल्याने."

तिनेही क्रमांक वाचला. काळजात धस्स व्हायला हवं होतं. झालं नाही. धस्स झालं नाही, एवढंच तिला कळलं. ती उठली आणि हात धुऊन आली.

मोठ्या डॉक्टरांनी पडदा पाहिला आणि त्यांना लगेच सुचलं. "दुसरी फेरी राहिली असणार," ते म्हणाले. रक्ताच्या पहिल्या फेरीत पेशी खाली बसतात, दुसऱ्या फेरीत रक्त गोठवणाऱ्या बारीक चकत्या. दुसरी फेरी चुकली तर त्या चकत्या तशाच राहतात, गोठवताना फुटतात आणि आपल्या पुड्यांचा सडा घालतात. मग यंत्र भलतंच काही वाचतं. "होतं असं, बाई. माणूस आहे. ठपका नाही तुमच्यावर. बाद नमुन्याचा कागद भरा, कारण लिहा, सही करा. सतरा काढला की बघा, एकही चूक नाही. इतका स्वच्छ निकाल मी आजवर पाहिलेला नाही."

कागद घेऊन ती आपल्या टेबलाशी आली. एक ओळ लिहायची आणि खाली सही.

आणि गोम इथेच होती. सही केली, तर चूक तिची. अडीच वर्षांपूर्वी एका दुपारी हात चुकला, बस. रक्ताने तेव्हा काही सांगितलंच नव्हतं, कुणाला काही कळण्यासारखं नव्हतं, आणि बाकावर बसून सासूबाईंना दिलेलं उत्तर जसंच्या तसं उभं राहत होतं. सही नाही केली, तर? तर नवऱ्याचं रक्त तिच्या टेबलापासून चार पावलांवर पंधरा महिने बोंबलत होतं, आणि ती त्या फ्रीजरला पाठ लावून डबा खात होती. ताट भरायची वाट बघत. तिच्याच हट्टापायी.

कुठल्याही शहाण्या माणसाने सही केली असती. तीही करणार होती. पेनाचं टोपण तिने काढलंसुद्धा. "दुसरी फेरी" एवढे दोन शब्द लिहिले आणि हात थांबला. कारण दुसरी फेरी तिने दिली होती. त्या फेरीची पंधरा मिनिटं नवरा त्या तिथल्या स्टुलावर बसून पाय हलवत होता. "अजून एकदा फिरवायचं? अगं, तिकडे दोन माणसं सातव्या आणि आठव्या मजल्याच्या मध्ये अडकलीत, माझ्या नावाने शंख करत असतील!" आणि ती म्हणाली होती, "अडकू द्या. माझी फेरी पुरी झाल्याशिवाय उठायचं नाही." खोटं लिहायला तिची हरकत नव्हती. पण हे लिहायचं तर त्याला त्या स्टुलावरून उठवावं लागलं असतं. ते तिला जमेना.

ती डॉक्टरांकडे गेली. "सर, दुसरी नळी लावून बघते."

"शेवटची आहे ना ती? अर्धा मिलीलीटर. लावलीत की संपली. पुन्हा पडताळायला काही उरणार नाही."

"लावू द्या."

"कशाला हट्ट, बाई? एका नमुन्याने आपलं काय अडलंय?"

"माझी चूक आहे की नाही, ते मला कळलं पाहिजे."

बावीस वर्षांत तिने डॉक्टरांकडे काही मागितलं नव्हतं. त्यांनी खांदे उडवले आणि मान हलवली.

गुरुवारी सकाळी आठ वाजता तिने ती नळी काढली. बोटांना चटका देणारी थंडी, हातमोज्यातूनही. बर्फावर ठेवून वितळू दिली. समोर तोलाला पाण्याची नळी ठेवली आणि थेंबथेंब घालून दोन्हींची वजनं जुळवली. यंत्र घरघरलं, सुरात. दोन तासांनी झाकण उघडलं. नळीच्या तळाला काही दिसत नव्हतं, पुड्या डोळ्यांना कधीच दिसत नाहीत. वरचं पाणी तिने नेहमीप्रमाणे जंतुनाशकाच्या बाटलीत ओतलं. तळाचं विरघळवलं, चिठ्ठ्या सोडवल्या, सगळ्याच्या सगळ्या यंत्राला दिल्या, कारण थोडक्यात भागवलं तर पुन्हा कुणीतरी शंका काढली असती. या खेपेला चकत्यांची खूण शोधणारी तपासणीही सोबत लावली. मग स्टुलावर बसून राहिली.

चार वाजता रेष उठली. कालच्याच जागी, कालच्याइतकीच उंच. चकत्यांची खूण कुठेही नव्हती. काम चोख होतं.

तिने अर्धवट भरलेला कागद डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला. आकडेवाली तिथेच होती. "दुसरी फेरी दिलेली होती, सर. नमुना बाद नाही. त्यांना निरोग्यांतून काढा."

"काढून कुठे घालू?"

"रुग्णांत."

"बाई, असं मनाने कसं चालेल? कशावरून?"

"पंधरा महिन्यांनी ते आजारी पडले. स्वादुपिंडच." तिचा आवाज अगदी रोजचा होता. "माझे मिस्टर होते ते."

डॉक्टरांनी चष्मा काढला. मग किल्ली शोधून कपाट उघडलं, यादी काढली, आणि सतराव्या ओळीवर बोट ठेवून बराच वेळ उभे राहिले. आकडेवालीने नवीन रकाना उघडला आणि हळू आवाजात तारखा विचारल्या. रक्त घेतल्याची. आजार कळल्याची. तिने दोन्ही न अडखळता सांगितल्या. संगणकाने वजाबाकी केली.

"चारशे एकसष्ट दिवस आधी!" आकडेवाली किंचाळलीच. "सर, चारशे एक..." आणि तिने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

डॉक्टरांचा चेहराही क्षणभर उजळला होता. तिने तो पाहिला. तिला राग आला नाही. आनंद का होऊ नये माणसाला? याच्याचसाठी तर सगळ्यांनी इतकी वर्षं डोळे फोडले होते. डॉक्टर सावरून बोलू लागले. एका नमुन्याने काही सिद्ध होत नाही. तेव्हा लावलं असतं तरी पडद्यावर नुसता क्रमांक दिसला असता, निकाल घरी कळवायची परवानगीच नव्हती. आणि तेव्हा या चाचणीवर विश्वास तरी कुणी ठेवला असता? सगळं खरं होतं.

"ताट भरेपर्यंत मीच थांबायला लावलं होतं, सर."

"शास्त्र म्हणून ते बरोबरच होतं, बाई."

"हो, सर. बरोबरच होतं," ती म्हणाली, आणि पर्स घेऊन निघाली.

घरी सासूबाई जेवणाच्या टेबलाशी मटार सोलत बसल्या होत्या. उजेड अजून होता. तिने चपला काढल्या, पाणी प्यायलं आणि समोरच्या खुर्चीवर बसली. पहिल्यांदा तिला वाटलं, कशाला सांगायचं? या वयात कशाला? पण ते उत्तर आता खोटं ठरलं होतं, आणि खोट्या उत्तरासोबत या बाईच्या समोर रोज जेवायला बसणं होणार नव्हतं.

"आई, तुम्ही मला विचारलं होतं, तुला कसं कळलं नाही म्हणून."

सासूबाईंचा हात थांबला.

"कळलं असतं," ती म्हणाली. "त्यांचं रक्त माझ्याकडे होतं, आजाराच्या कितीतरी आधीचं. त्यात होतं सगळं. मी ते लावलं नाही. बाकीचे नमुने यायची वाट बघत बसले."

मग तिने सगळं सांगितलं, स्टूल, ताट, रेष, दोन नळ्या, सगळं. सासूबाई ऐकत होत्या. एक शेंग त्यांच्या बोटांत अर्धी उघडलेली तशीच राहिली होती.

"वाचला असता?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही. गाठ लहान असती. कदाचित कापता आली असती."

ती थांबली. आता बोल लागतील, असं तिला वाटलं. लागावेत असंच वाटत होतं. सासूबाईंनी काहीतरी फेकून मारलं असतं तरी चाललं असतं, निदान लागलेलं कळलं तरी असतं. पण सासूबाई तिच्याकडे बघत होत्या त्या रागाने नव्हेच. त्या टेबलावरून पुढे झुकल्या.

"त्याचं रक्त आहे तिथे?" त्या म्हणाल्या. "तुझ्या ऑफिसात? त्याचं स्वतःचं?"

"आई..."

"कसं असतं गं ते? लाल असतं?"

"लाल खाली बसतं. ठेवतात ते वरचं. पिवळसर, पाण्यासारखं."

"मला दाखवशील?" सासूबाईंनी पदर सावरला, जशा काही आत्ताच निघायच्या होत्या. "गुडघ्यांचं सोड, मी येईन. रिक्षा करू. लांबूनच बघेन, हात नाही लावणार. ते लोक हरकत घेतील का? सांग त्यांना, आई आहे म्हणून."



"नाही आहे, आई," ती म्हणाली. "संपलं."

"कधी?"

"आज. दुपारी. मीच वापरलं. उरलं ते ओतून टाकलं."

सासूबाई मागे सरकल्या. त्यांनी हातातली शेंग बघितली, बाकीचे दाणे काढले, भांड्यात टाकले.

"थेंबभर तरी ठेवायचं होतंस गं," त्या म्हणाल्या.

तेव्हा तिला रडू फुटलं. चौदा महिन्यांचं एकदम, तोंड वेडंवाकडं करून, नाक गळेपर्यंत, लहान मुलं रडतात तसं. टेबल हललं, मटारचे दाणे घरंगळून जमिनीवर गेले. सासूबाईंनी तिला उगी केलं नाही, जवळही घेतलं नाही. पण उठूनही गेल्या नाहीत. तिचं रडून होईपर्यंत त्या समोर बसून राहिल्या.